ऐकण्याचा चेहरा

मंगळवार, ३ ऑक्टोबर १९६१

आज आमच्या गावच्या मंगळवार सभेचं, म्हणजे व्याख्यानांचं, नवं वर्ष सुरू झालं. वक्ते मिस्टर ड्रिंग, विषय 'आपल्या भागातले चर, बांध आणि पाण्याचे दरवाजे', सोबत स्लाइडचं यंत्र. आभारप्रदर्शन अर्थातच माझं. या गावात ते दुसरं कुणी करेल असं कुणाच्या मनातही येत नाही, आणि मीही येऊ देत नाही.

आमच्याकडे कंटाळलेल्या माणसाबद्दल म्हणतात, की त्याच्या डोळ्यांवर काच चढली. आज दुसऱ्याच स्लाइडला सगळ्या सभागृहावर काच चढली. एडिथ पॉट्स सभेची चिटणीस, पहिल्या रांगेत बसते, आणि तिचे डोळे बाजारात बर्फावर मांडलेल्या मासळीसारखे झाले होते. इतकी वर्षं माझ्या शेजारी राहते, पण चेहरा सांभाळायला काही शिकली नाही. मी मात्र मान किंचित डावीकडे ठेवते, भुवया जरा वर, ओठ अगदी थोडे विलग, आणि अधूनमधून 'खरंच?' असं पुटपुटते. आत मी कुठेही असते. आज मी मनातल्या मनात जिन्याखालचं कपाट आवरलं. बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. हा चेहरा जन्मजात नाही, बर्नार्डच्या संसारात कमावलेला आहे. बर्नार्ड, देव त्याला शांती देवो, बँकेत मॅनेजर होता आणि रात्री जेवायला बँकही टेबलावर घेऊन बसायचा.

आभाराचं भाषण नेहमीचंच केलं. 'रोज डोळ्यांसमोर असूनही न दिसलेलं एक जग आज वक्त्यांनी आपल्याला दाखवलं.' मधमाश्यांच्या वेळी हेच म्हटलं होतं. इजिप्तच्या वेळी फक्त 'रोज' गाळलं होतं.

मिस्टर ड्रिंग हे बांध-चरांच्या खात्यातून निवृत्त झालेले, उंच, जरासे वाकलेले, मोठ्या लाल हातांचे विधुर. तासभर ते फक्त माझ्याकडे बघून बोलले. चहाच्या वेळी जवळ आले. "मिसेस कोल्बी, इतकं मन लावून ऐकणारं माणूस मी पाहिलं नव्हतं," म्हणाले. मी म्हटलं, "छे, तुमचा विषयच तसा. कधीतरी सविस्तर ऐकायला आवडेल." असं म्हणायचं असतं म्हणून म्हटलं.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

मिस्टर ड्रिंग आले. नकाशे घेऊन आले.

दार उघडलं तर सायकल भिंतीला टेकवून उभे, काखेत भली मोठी गुंडाळी. "तुम्हाला सविस्तर ऐकायचं होतं ना?"

आता या देशात 'कधीतरी या' असं आपण शंभर जणांना म्हणतो, आणि त्यातला एकही येत नाही, म्हणून तर म्हणता येतं. मिस्टर ड्रिंग काही परदेशातून आलेले नाहीत. त्यांचे आजे-पणजे याच चिखलात राबले आणि याच चिखलात पुरले गेले. मग यांना कुणी सांगितलं कसं नाही? पण चूक माझी. हात दाखवून अवलक्षण केलं ते मीच. नकाशे जेवणाच्या टेबलावर मावेनात तेव्हा गालिच्यावर अंथरले. अंधार पडला तरी बोलत होते. शहाजिऱ्याचा केक त्यांनी दोनदा घेतला. मी मनात बैठकीच्या खुर्चीला नवं हिरवं कापड लावलं, मग ते आवडेना म्हणून काढलं.

एडिथ कुंपणापाशी टपलेलीच होती. "काय गं, बराच वेळ दिवा होता!"

"नकाशे मोठे होते."

"हो का? आणि पाणी कुठून कुठे वाहतंय, ते कळलं का काही?"

एडिथला चेहरा सांभाळता येत नाही, तशी जीभही नाही.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

ते आता मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. कसं ठरलं ते मला सांगता यायचं नाही. बहुधा ते जाताना 'मग मंगळवारी?' म्हणाले आणि मी 'किती छान' म्हटलं.

तक्रार करण्यासारखं नाही काही. बोलता बोलता हात चालू ठेवायची त्यांना सवय आहे. गेल्या शुक्रवारी फाटकाची कडी बसवली, आज कोळशाची बादली भरून आणली. ती कडी बर्नार्ड होता तेव्हापासून लोंबत होती. माझंही काम होतं. ते दरवाजांवर बोलत होते तेव्हा मी नाताळच्या भेटींचं सगळं ठरवून टाकलं, कुणाला मोजे, कुणाला साबण. इतकी शांतता मला एरवी मिळत नाही. घरात एकटी असले की घड्याळाची टिकटिक फार होते.

केक मी मुद्दाम केला असं एडिथला वाटतं. शहाजिरं डब्यात पडून होतं, वाया गेलं असतं.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

आज आले नाहीत.

चार वाजता किटली ठेवली, पाच वाजता काढली. माणसानं एक निरोप तरी पाठवावा. शेवटी पाववाला म्हणाला, मिस्टर ड्रिंग सर्दीनं निजलेत. मग मी कोंबडीचं सूप करून नेलं. शेजारधर्म म्हणून कुणीही नेईल. त्यांचं घर गावाच्या टोकाला, बांधाला लागून. स्वयंपाकघर मोठं, दक्षिणेला खिडकी, आणि त्या टेबलाशी एकच खुर्ची. दुसरी होती, ती बायको, मेरी, गेल्यावर सभागृहाला देऊन टाकली म्हणे. नाक चोंदलेलं असल्यानं आज ते फार बोलू शकले नाहीत. परत येताना रस्ता लांबचा वाटला.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

बरे झाले, आणि बरे झाल्याबरोबर मला मोठ्या दरवाजावर घेऊन गेले, प्रत्यक्ष दाखवायला. वारा असा की टोपी हातानं धरून उभी राहिले. खाली एका बाजूला नदी, एका बाजूला चर, मध्ये तो लोखंडी दरवाजा. मिस्टर ड्रिंग बोलत होते. भरती कधी येते, दरवाजा कधी उघडायचा, उशीर केला तर काय होतं. मग आवाज जरा खाली आला. दोन पाणी एका पातळीला आल्याशिवाय, असं काहीतरी. मग स्वयंपाकघर, दक्षिणेचं ऊन, माणूस एकटा फार दिवस, पाद्रीसाहेबांशी बोलायला लागेल, नाताळनंतर. मी तेव्हा खुर्चीच्या हिरव्या कापडाचा पुन्हा एकदा विचार करत होते. हिरवं लवकर उडतं.

एकदम जाणवलं की ते थांबलेत. टोपी हातात, चेहरा लालभडक, आणि माझ्याकडे बघताहेत. आता काहीतरी म्हणायची वेळ आहे एवढं मला नेमकं कळतं, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी म्हटलं, "खरंच? किती छान! हो, हो, अवश्य."

त्यांनी रुमाल काढून नाक शिंकरलं, मग माझा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवला. डोळ्यांत पाणी होतं. पाण्याच्या दरवाजासाठी एवढं भरून येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. परतताना ते मुळीच बोलले नाहीत, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

पाद्री मिस्टर लाइल चहाला आले होते. चर्चच्या बॉयलरची रडकथा सुरू झाली आणि मी चेहरा चढवला. बॉयलर झाला, मनोऱ्यातली ओल झाली. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी मऊ आवाजात काहीतरी विचारलं. 'दोघांनीही', 'या वयात सोबत', 'तुमच्याच तोंडून ऐकलेलं बरं' असे तुकडे कानावर आले. माझं लक्ष अंड्याच्या सँडविचकडे होतं. मिस्टर ड्रिंग यायचे होते आणि पाद्रीसाहेबांचा हात थांबत नव्हता.

"मग तुमची काही हरकत नाही?" त्यांनी विचारलं.

"मुळीच नाही," मी म्हटलं. "मला आनंदच आहे."

"तर मग पुढचे तीन रविवार," म्हणाले आणि शेवटचं सँडविच उचललं.

बॉयलरसाठी वर्गणीच असणार.

रविवार, १९ नोव्हेंबर

आज गावाला झालंय काय?

चर्चमध्ये पाद्रीसाहेब सूचना वाचत होते. सूचना कुणी ऐकतं का? मी ताटं मांडायच्या फडताळावर नवा कागद घालत होते, मनात. मध्येच सगळी डोकी माझ्याकडे वळली. एडिथच्या हातून स्तोत्रांचं पुस्तक पडलं. माझी निळी टोपी वाकडी झाली असावी म्हणून मी ती सारखी केली आणि सगळ्यांकडे बघून हसले. तर पलीकडच्या रांगेतली मिसेस हॅरप रडायलाच लागली.

बाहेर अभिनंदनांची झुंबड. तेव्हा लक्षात आलं, की कालच्या चर्चच्या विक्रीत माझी हिरव्या टोमॅटोची चटणी सगळ्यात आधी संपली, त्याचं असणार. "अखेर जमलं म्हणायचं!" मिसेस हॅरप म्हणाली. मी म्हटलं, "अहो, दरवर्षीच करते मी. यंदा साखर जरा जास्त पडली." ती माझ्याकडे बघतच राहिली. कसाई मिस्टर टफ म्हणाले, "या वयात धाडस लागतं, मिसेस कोल्बी." मी सांगितलं, "वयाचा काय संबंध? कोवळे घ्यायचे आणि मंद आचेवर ठेवायचे." त्यांना खोकला झाला.

मिस्टर ड्रिंग फाटकापाशी उभे होते, नव्या टायमध्ये. टाय चांगला होता. चटणी त्यांना एवढी आवडते हे मला ठाऊक नव्हतं.

सोमवार, २० नोव्हेंबर

घाईत लिहितेय, अक्षर वाचता आलं नाही तर नाही.

एडिथ सकाळीच आली, थेट स्वयंपाकघरात. "मला सांगायचं नव्हतं तर नको सांगूस," म्हणाली, "पण चर्चमध्ये सगळ्या गावाबरोबर कळावं? शेजारी मी कशाला आहे मग?"

"काय कळावं?"

"हेस्टर, नाटकं पुरे."

"चटणीचं?"

ती मटकन बसली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "अगं बाई. तू ऐकतच नव्हतीस."

आणि मग तिनं सांगितलं. हर्बर्ट जेम्स ड्रिंग, विधुर, आणि हेस्टर ॲन कोल्बी, विधवा, दोघे याच गावचे. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वाचतात, त्यातली पहिली घोषणा. कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर त्यानं सांगावी. मी म्हटलं, शक्यच नाही, मला कुणी विचारलेलंसुद्धा नाही. आणि म्हणता म्हणता तो दरवाजा आठवला, वारा, हातातली टोपी. 'हो, हो, अवश्य.' पाद्रीसाहेब आठवले. 'मला आनंदच आहे.' एकदा नाही, दोनदा होकार दिला मी!

एडिथ आधी हसली. इतकी हसली की पाणी द्यावं लागलं. मग म्हणाली, "अजून दोन रविवार आहेत. पाद्री विचारतील, कुणाला अडचण आहे का. उठून सांग, अडचण मीच आहे."

"सगळ्या चर्चसमोर?"

"नाहीतर त्याला गाठून सांग, मी ऐकत नव्हते म्हणून."

"हे कसं सांगायचं?"

"तोंडानं," एडिथ म्हणाली.

ती गेल्यावर मी बसून राहिले. बर्नार्डची एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. लग्नाला थोडी वर्षं झाली होती. लिंकनच्या डॉक्टरांकडून मी एकटी बसनं परत आले आणि जेवताना बर्नार्डला सांगितलं, की आपल्याला मूल होणार नाही. त्याचे डोळे माझ्यावरच होते. "अरे वा," म्हणाला, "ती मोहरीची बाटली जरा इकडे सरकव." मी सरकवली. पुन्हा सांगायचं धैर्य मला झालं नाही. पुढे कधीतरी माझ्या बहिणीकडून त्याला कळलं, तेव्हा तो माझ्यावरच चिडला, मला सांगितलं का नाहीस म्हणून.

ते आठवून मला आज रडू आलं. काच चढलेल्या डोळ्यांसमोर बसणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. आणि एका माणसानं टोपी काढून, सगळा जीव गोळा करून मला विचारलं तेव्हा मी हिरव्या कापडाचा विचार करत होते.

नकार द्यायलाच हवा, आणि तोही खरं कारण सांगून. उद्या मंगळवार आहेच.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

झालं नाही.

सुरुवात केली होती. "मिस्टर ड्रिंग, मला काही सांगायचंय," इथवर आले. ते लगेच सरसावून बसले आणि म्हणाले, "आधी मी सांगू का? मग राहून जाईल." स्वयंपाकघराला चुना दिला म्हणे. सभागृहात जाऊन ती दिलेली खुर्ची परत मागितली, तर एडिथनं सही घेतल्याशिवाय दिली नाही. मग म्हणाले, "माझी मेरी फार चांगली होती, पण मी तोंड उघडलं की तिला झोप यायची. ऑफिसात लोक मी येताना दिसलो की जिन्यानं जायचे. मला काय कळत नव्हतं? माणूस किती कंटाळवाणा आहे हे त्याला समोरच्या डोळ्यांत दिसतंच की. तुमच्या डोळ्यांत ते कधी दिसलं नाही. म्हणून तर विचारायचा धीर झाला."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माझा चेहरा खोटा आहे हे सांगितलं, तर या माणसाच्या आयुष्यातला एकुलता एक श्रोता मी काढून घेणार. न सांगता लग्न केलं, तर मरेपर्यंत तो चेहरा चढवून बसणार. मी म्हटलं, "चुना पांढरा दिलात की पिवळसर?"

आज मात्र मी खरोखर ऐकलं, दुसरं काही सुचेचना म्हणून. इथली जमीन पाणी उपसलं की खचते. खचली की नदीपेक्षा खाली जाते, म्हणून आणखी उपसावं लागतं, मग ती आणखी खचते. मी विचारलं, "मग हे कधी थांबतं?" तर ते इतके खूश झाले, की मला लाज वाटली. अगदीच टाकाऊ विषय नाही. आभाराच्या भाषणात कुठेतरी घालता येईल.

रविवार, २६ नोव्हेंबर

आज नाताळचं पुडिंग ढवळायचा रविवार. दुसरी घोषणा. या वेळी मी शब्दन् शब्द ऐकला. स्वतःचं नाव असं उंच छताखाली ऐकलं की कुणा दुसऱ्याच बाईचं वाटतं, आणि ती बाई जरा तरुण असावी असंही वाटतं.

पाद्रीसाहेब अडचणीचं विचारून थांबले. एडिथनं मला कोपरानं ढोसलं. आमच्याकडे या जागी सगळे श्वास रोखतात, आणि म्हातारे मिस्टर पिम दरवेळी खोकतात. ते खोकले. मी उठणार होते. पण सकाळपासून माझा डावा गुडघा धरला होता, आणि त्या बाकावरून पटकन उठता येत नाही.

दुपारी पुडिंग ढवळलं. ढवळताना मनात काहीतरी मागायचं असतं. मी एडिथला म्हटलं, मला या संकटातून सोडव एवढंच मागितलं. ती म्हणाली, "मग बेदाणे दोघांना पुरतील एवढे का घेतलेस?" तिला उत्तर द्यायला मी काही बांधलेली नाही.

शनिवार, २ डिसेंबर

उद्या तिसरी घोषणा. त्यानंतर नकार देणं म्हणजे त्यांना अख्ख्या गावासमोर तोंडघशी पाडणं. आज नाही तर कधीच नाही. म्हणून दुपारी मी मिस्टर ड्रिंगच्या घरी गेले.

वाटेत सगळं पाठ केलं होतं. त्यांनी मला शेकोटीशी बसवलं, त्या परत आणलेल्या खुर्चीत, आणि स्वतः समोर बसले. मी हवेपासून सुरुवात केली, कारण दुसऱ्या कशापासून सुरुवात करतात ते मला ठाऊक नाही. मग बर्नार्डवर आले. बँक, जेवणाची वेळ, तो चेहरा कसा जमत गेला, सभेत आभाराचं काम माझ्याकडे कसं आलं. आयुष्यात मी एवढं सलग बोलले नसेन. थांबताच येईना. डॉक्टरांचंही सांगितलं, जे एडिथलाही सांगितलेलं नाही. माझी नजर सगळा वेळ विस्तवावर होती, त्यांच्याकडे बघितलं असतं तर बोलता आलं नसतं. आणि मग एका दमात, स्पष्ट शब्दांत सांगून टाकलं: "त्या दिवशी दरवाजावर तुम्ही काय विचारलंत ते मी ऐकलंच नव्हतं. एकही दिवस ऐकलं नव्हतं. म्हणून मी तुमच्याशी लग्न करू शकत नाही, मिस्टर ड्रिंग."

मग मी वर पाहिलं.

त्यांची मान किंचित डावीकडे कललेली होती. भुवया जरा वर. ओठ अगदी थोडे विलग. डोळे थेट माझ्यावर, आणि त्यांच्यावर ही जाड काच!

"खरंच?" मिस्टर ड्रिंग म्हणाले. "किती छान. अगदी बरोबर आहे तुमचं."

आधी मला असा संताप आला की मी हातमोजे उचलले. आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य बोलले मी, आणि या माणसानं ते ऐकलं नाही! बर्नार्ड आठवला. तेव्हा मी गप्प राहिले होते. आज राहिले नाही. "मिस्टर ड्रिंग," मी म्हटलं, "तुम्ही ऐकत नव्हतात."

ते दचकले. कानापर्यंत लाल झाले. कुणीही सभ्य माणूस म्हणतो तसं 'छे, छे' म्हणतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "नाही. माफ करा. हवेचं ऐकलं, थोडंसं बँकेचं ऐकलं. मग राहून गेलं."

"कुठे होतात?"

"इथंच." त्यांनी माझ्या खुर्चीकडे बोट केलं. "शेकोटीशी तुमच्या उजव्या बाजूला झळ लागतेय. ही खुर्ची खिडकीशी हलवावी असं डोक्यात आलं. पण मग हिवाळ्यात पाय गारठतील. म्हणून मग एक लहान गालिचा, आणि तो कुठल्या रंगाचा. त्यातच गुंतलो."

मला हसू फुटलं. इतकं, की एडिथसारखंच पाणी घ्यावं लागलं. ते पेला धरून उभे होते, काय झालं ते न कळून, पण मी हसतेय म्हणून हसत होते. त्यांनी ही विद्या कुठे कमावली कोण जाणे. बहुधा मेरीही कधीकधी जागी असावी.

"तुम्ही काही महत्त्वाचं सांगत होतात का?" त्यांनी विचारलं. "पुन्हा सांगा. आता ऐकतो." आणि खरंच समोर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे स्वच्छ.

मी विचार केला. मी सांगायचं ते सांगितलं होतं. स्वच्छ आवाजात, त्यांच्याच घरात, त्यांच्या तोंडासमोर. त्यात काही लपवाछपवी केली असं मला कुणी म्हणू शकणार नाही. आणि एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा उगाळणं हे काही चांगल्या रीतीत बसत नाही.

"खिडकीशी," मी म्हटलं. "आणि गालिचा हिरवा नको, उडतो."

रविवार, ३ डिसेंबर

तिसरी घोषणा झाली. पाद्रीसाहेब थांबले, मिस्टर पिम खोकले, कुणी उठलं नाही.

बाहेर पडताना एडिथनं माझा दंड धरला. "सांगितलंस का त्याला?"

"काल सांगितलं. सगळं, अगदी पहिल्यापासून."

"लग्न करणार नाही म्हणून?"

"तेही."

"मग? काय म्हणाला तो?"

"त्यांची काही हरकत नाही," मी म्हटलं.